औंढ्याच्या देवळातला एक 'च'

संयोजकांनी विषय दिला आहे 'विपरीत दृष्टी आणि साधना'. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलेलं, म्हणजे दोरी आणि सापापासून सुरुवात होणार असा तुमचा अंदाज असेल. अंधारात दोरीचा साप दिसतो, दिवा आणला की साप जातो. ते उदाहरण तसं सोपं आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथचं उदाहरण त्याहून अवघड आहे, कारण तिथे दिवा असतानाही चूक शिल्लक राहिली होती.

परंपरेनं नामदेवांचा जन्म १२७० चा आणि ज्ञानदेवांची समाधी १२९६ ची. म्हणजे गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्यानं थापटून पाहिली, तेव्हा नामदेव फार तर पंचविशीतले. बाकीच्यांनी मुकाट्यानं थापटून घेतलं. नामदेव रागावले, आणि काकांचा निर्णय झाला, हे मडकं कच्चं. आता बघा, कच्चं कोणाला म्हटलं? ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवतो अशी ख्याती, त्याला! नामदेव तक्रार घेऊन पंढरीला गेले, तर विठ्ठलानंही गोरोबांचीच बाजू घेतली आणि विसोबा खेचरांकडे धाडलं.

औंढ्याच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, आम्ही थकलो, जिथे देव नाही तिथे आमचे पाय उचलून ठेव. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

नामदेवांची चूक नेमकी कुठे होती? 'विठ्ठल पंढरीत आहे' यात खोटं काही नाही. त्यांना दिसलं ते खरंच दिसलं. पण ते मनात म्हणत होते, 'विठ्ठल पंढरीतच आहे.' सगळा घोटाळा त्या 'च' मध्ये आहे. साप खोटा होता म्हणून दिव्यानं गेला. इथे अनुभव खरा होता, आणि खऱ्या अनुभवाभोवतीच कुंपण पडलेलं. असं कुंपण काढणं फार कठीण, कारण काढायला गेलं की माणसाला वाटतं माझा देवच काढून घेताहेत. मग तो रागावतो. गोरोबांच्या अंगणातला राग आम्हाला या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वाटतो.

आणि गुरू तरी कोण मिळाला? महिपतींचा 'भक्तविजय' १७६२ चा, म्हणजे घटनेनंतर साडेचारशे वर्षांहून अधिक काळानं लिहिलेला, हे ध्यानात ठेवून वाचायचं. त्यात हेच विसोबा आधी ज्ञानदेवादी भावंडांचे वैरी आहेत. संन्याशाची पोरं म्हणून मांडे भाजायचं खापरसुद्धा मुक्ताबाईला मिळू दिलं नाही. 'खेचर' हे नावच त्या आडमुठेपणाची खूण म्हणून सांगतात. त्यांचा स्वतःचा 'च' जातीचा होता. तो मोडलेला माणूस दुसऱ्याचा ओळखू शकला, यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

तिसरा 'च' पुजाऱ्यांचा. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एकात, हीन जातीचा म्हणून आपल्याला पूजेतून उठवलं आणि मग देऊळच आपल्याकडे फिरलं, असं ते सांगतात. पदात गावाचं नाव नाही. आपण ते औंढ्याशी जोडतो आणि नंदी देवळामागे का, याचं उत्तर त्यातून देतो. देऊळ फिरलं की नाही, यावर आम्ही वाद घालणार नाही. उठवलं होतं, यावर मात्र कोणी वाद घालत नाही आणि बोलतही नाही. चमत्कार सांगताना अपमान गाळायचा, ही आपली जुनी सवय.

मडकं पक्कं झालं त्यानंतर नामदेव पन्नासेक वर्षं जगले. पंजाबपर्यंत गेले, तिथल्या लोकांच्या बोलीत गायले. घुमानला त्यांचं स्मारक आहे. २०१५ साली तिथे मराठी साहित्य संमेलन भरलं. पण त्यांनी पंढरी टाकली असंही नाही. महाद्वारातली पायरी त्यांचीच. पंढरी राहिली, 'च' गेला.

राहता राहिलो आपण. जन्मगाव कोणतं? आपली कयाधूकाठची नरसी, कऱ्हाडकडचं नरसिंगपूर, की पंढरपूर? हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली, अभिमान मात्र थेट तेराव्या शतकाचा! पुराव्यांची चर्चा जरूर व्हावी, आमचाही कल नरसीकडेच आहे. पण अशाच एका सभेत, 'नामदेव आमचेच' म्हणून आम्ही टेबलावर इतक्या जोरानं हात आपटला होता की समोरचं पाण्याचं भांडं लवंडलं. तेव्हा आम्ही पन्नाशीत होतो, आणि वर्गात त्याच आठवड्यात दोरी आणि साप शिकवत होतो.

असो. प्रश्न असतील तर घेऊ या.