हुकूम कुणाचा?

रामाकोन्यात लग्नघरी रात्री मांडवात सतरंजी पडली, पत्ते निघाले, की दुसऱ्या-तिसऱ्या डावाला एक भांडण ठरलेलं. छिंदवाड्याकडचा जवाई विचारतो, "हुकुम किसके पास है?" सावनेरकडचे मामाजी म्हणतात, "अजून झाकलेलाच हाय ना बाप्पा, तुमाले कसं सांगू जवाईबापू?" दोघंही सरळ बोलताहेत. जवाई विचारतोय इस्पिकबद्दल, कारण हिंदीत काळ्या टोकदार पानाचं नावच हुकुम. मामाजी सांगताहेत ते त्या डावापुरत्या वरचढ ठरलेल्या रंगाबद्दल, कारण मराठीत हुकूम म्हणजे तो. मग हुकूम जर खरोखरच इस्पिकचा निघाला, तर "हुकूम कोणता?" या प्रश्नाचं उत्तर "हुकुम" एवढंच येतं, आणि विचारणाऱ्याला वाटतं की आपली थट्टा चालली आहे.

शब्द एकच, अरबी 'हुक्म'. फारसीतून दोन्ही भाषांनी उचललेला. मराठीनं त्याचा अर्थ जवळजवळ जसाच्या तसा ठेवला: या रंगाचा हुकूम चालेल, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणून आपल्याकडे 'हुकमी एक्का' हा कुठल्याही रंगाचा असू शकतो. हिंदीनं मात्र हुद्दा एका रंगाला कायमचा बहाल केला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर 'तुरुप' आणून बसवला. हा तुरुप डचांच्या 'त्रूफ' या शब्दाशी जुळतो, इंग्रजी 'ट्रम्प' त्याच घरातला, आणि सगळ्यांचं मूळ विजय या अर्थाच्या लॅटिन शब्दात. इस्पिकला हे पद का मिळालं असावं याचा अंदाज 'कॉल ब्रेक' खेळणाऱ्या कुणालाही करता येईल. त्या खेळात वरचढ रंग डावागणिक बदलत नाही, तो कायम इस्पिकच. हल्ली मोबाइलवर हा खेळ गावोगाव पोचलाय, त्यामुळे सौसरच्या मराठी पोरांच्या तोंडीही हुकूम म्हणजे इस्पिक असं बसू लागलं तर नवल नाही.

रामाकोन्याची जागाच अशी आहे. नागपूर-छिंदवाडा रेल्वेवरचं हे स्टेशन, सौसरच्या पुढं, सातपुड्याच्या चढाआधी. नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, मग मध्य प्रांत. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत सौसर-पांढुर्ण्याची मराठी गावं मध्य प्रदेशात राहिली. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, त्यात या दोनच तहसिली. कागद हिंदीत, घर मराठीत. नकाशावरची रेघ पत्त्यांच्या कॅटमधूनही गेली आहे: इकडे बदाम, चौकट, किल्वर, इस्पिक, तिकडे पान, ईंट, चिडी, हुकुम. आणि इथं दोन्ही एकाच सतरंजीवर.

या आठ नावांत घरगुती नावं पटकन उलगडतात. लाल हृदयाला मराठीनं बदाम म्हटलं, हिंदीनं विड्याचं पान. युरोपीय माणसाला तिथं काळीज दिसलं, आपल्याला खायची वस्तू दिसली, यावर काय बोलणार. चौकट म्हणजे चार काष्ठांची, दाराची. ईंट म्हणजे वीट. घर बांधायचं सामान दोन्हीकडे आहेच. खरी गंमत किल्वरमध्ये आहे.

इंग्रज त्या पत्त्याला 'क्लब' म्हणतात. क्लब म्हणजे सोटा. पण चित्रात सोटा कुठंय? तीन पाकळ्यांचं क्लोव्हर गवताचं पान आहे. झालं असं की इंग्रजांनी चित्रं घेतली फ्रेंच पत्त्यांची आणि नावं ठेवली त्याआधीच्या स्पॅनिश पत्त्यांची, ज्यांत खरोखर सोटे, तलवारी, पेले आणि सोन्याची नाणी असत. 'स्पेड' हे नावही फावड्यावरून नव्हे, तलवार या अर्थाच्या 'एस्पादा'वरून आलं. मग आपलं किल्वर इंग्रजांच्या 'क्लब'वरून येणं शक्यच नाही. ते चित्राला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतं, आणि या पत्त्याला नेमकी तशी हाक मारणारे दर्यावर्दी म्हणजे डच: त्यांच्या भाषेत हा रंग 'क्लाव्हर'. सतराव्या शतकात डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. बंगालमध्ये चिनसुरा 1825 पर्यंत त्यांच्याकडे होतं, आणि तिथं तर त्यांनी जवळजवळ सगळा कॅट मागं ठेवला. बंगालीत बदामला हरतन म्हणतात, चौकटला रुइतन, इस्पिकला इस्कापन. डच 'हार्टन', 'राउटन', 'स्खॉपन' त्यात स्वच्छ ऐकू येतात. रवींद्रनाथांनी 1933 साली 'ताशेर देश' हे नाटक लिहिलं, त्यात समुद्रावर भटकायला निघालेला राजपुत्र पत्त्यांच्याच बेटाला जाऊन लागतो. तिथली माणसं हीच नावं लावून फिरतात. नावं खरोखरच गलबतातून आली होती, तेव्हा बेत चपखल आहे.

डचांचा माग आणखी एका ठिकाणी लागतो, आणि तो शब्दात नाही, खेळाच्या हाडात आहे. आपला तीनशेचार घ्या. बत्तीस पत्ते, सत्तीपासून एक्क्यापर्यंत. गुलामाला तीस, नव्वीला वीस, एक्क्याला अकरा, दश्शीला दहा, राजाला तीन, राणीला दोन, अठ्ठी-सत्ती रिकाम्या. एका रंगाचे शहात्तर, चारी रंगांचे तीनशे चार. राजापेक्षा गुलाम दहापट मोठा असलेला हा हिशेब आपल्या मातीतला नाही. आपल्या जुन्या गंजीफात गुलाम हा पत्ता नव्हताच. बाबरानं 1527 साली सिंधला धाडलेल्या गंजीफाची नोंद आपल्या आठवणींत केली आहे. मुघली आठ रंगांच्या संचात एका अख्ख्या रंगाचं नाव गुलाम होतं, पण प्रत्येक रंगात चित्राची पानं दोनच, राजा आणि वजीर. सावंतवाडीच्या दशावतारी गंजीफातही राजा आणि प्रधानच. गुलामानं सगळ्यांच्या डोक्यावर बसायचं, त्याच्यामागे नव्वी, मग एक्का आणि राजाच्या आधी दश्शी, हा क्रम हॉलंडच्या 'क्लाव्हरयास' या खेळात हुकमाच्या रंगाला अजून आहे. तिथंही एक्का अकराचा आणि दश्शी दहाची. केरळातला अठ्ठावीस, तमिळ मुलखातला आणि श्रीलंकेतला तीनशेचार, दक्षिण आफ्रिकेत डर्बनला गेलेल्या भारतीयांचा 'थुनी', ही सगळी त्याचीच भावंडं. मराठी घरात बसलेला गुलाम समुद्रमार्गे आला, तेव्हा हातात किल्वर घेऊन आला असेल तर आश्चर्य कसलं.

तीनशेचारचा जीव मात्र गुणांत नाही, बोलीत आहे. आधी चारच पत्ते वाटतात. तेवढ्यावर बोलायचं. सर्वांत चढी बोली ज्याची, तो हातातला एक पत्ता पालथा झाकून ठेवतो: तोच हुकूम, आणि तो दुसऱ्या कुणाला माहीत नाही, समोर बसलेल्या भिडूलासुद्धा नाही. मग उरलेले चार पत्ते येतात. बाकीच्यांनी उतारीवरून, कुणी काय टाकलं आणि काय राखलं त्यावरून, झाकलेल्या पत्त्याचा शोध घ्यायचा. भिडूनं डोळ्यांनी काही सुचवलं की घरात खरी भांडणं लागतात ती तेव्हा.

'बोली' हा शब्द इथं किती नेमका आहे पाहा. जुन्या मराठीत बोली म्हणजे किंमत नव्हे, अट. "दूध निघेल तोवर वैरण माझी, या बोलीवर म्हैस दिली" असं म्हणत. लग्नात बोलणी होतात तीही याच जातीची. तोंडानं बांधून घेणं हा मूळ अर्थ, बाजारातली रक्कम नंतर आली. तीनशेचारमध्ये जुना अर्थ टिकून आहे: दोनशे बोललो म्हणजे दोनशे द्यायचे नाहीत, दोनशे करून दाखवायचे. खिशात किती आहे याला काही महत्त्व नाही, शब्द पुरा होतो की नाही एवढंच.

रामाकोन्याच्या आसपास बोलीला दुसरं घर आहे ते संत्र्याच्या बगीच्यात. आंबिया बहार असो की मृग, व्यापारी ओळींतून फिरतो, फांदी वर उचलून आत डोकावतो, दोन-चार झाडांची फळं नजरेनं मोजतो आणि सगळ्या बगीच्याचा आकडा बोलतो. दिसतात बाहेरची फळं, पैसे लावायचे पानाआडच्यांवर, आणि गारपीट कुणाच्या हातात नाही. चार पत्त्यांवर तीनशेचारची बोली लावणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते. सौदा जुळला की बयाणा देतात. बयाणा अरबी 'बै'वरून, म्हणजे विक्री. तोही फारसीच्याच वाटेनं आलेला.

आता तोच माल बाजारात न्या. सौसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या मंडीत त्याचा होतो नीलाम. गाडी वळवून नागपूरच्या कळमन्याला नेली तर होतो लिलाव. आणि गावात कोंडवाड्यातली गुरं, गुजरीची वसुली किंवा नदीचा रेतीघाट द्यायचा असला तर वैदर्भी माणूस म्हणतो, हर्रास आहे. एकाच व्यवहाराला तीन शब्द, आणि तिन्ही परके.

लिलाव आणि नीलाम हे सख्खे भाऊ. पोर्तुगीज 'लेलांव' दोघांचा बाप. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटचा तो नाकातला 'आंव' मराठीनं 'आव' करून घेतला, जसा त्यांच्या 'पांव'चा आपण पाव केला. उत्तरेत तोच शेवट 'आम' झाला आणि पहिल्या ल चा न. एका शब्दात दोन ल जिभेला जड होत असावेत. पोर्तुगीज जिथं जिथं माल उतरवून विकायला उभे राहिले तिथं तिथं हा शब्द त्यांनी टाकला. मल्याळीत लेलम्, तमिळात एलम्, पार इंडोनेशियात लेलांग. गोव्याच्या आसगावचे सेबास्तियांव दाल्गादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश 1913 मध्ये छापला. तो चाळताना वाटतं की त्या दर्यावर्द्यांनी किल्ल्यांपेक्षा अलमाऱ्या, चाव्या आणि पाव मागं ठेवले, ते जास्त टिकले.

हर्रास जमिनीवरून आला. अरबी-फारसी 'हराज', म्हणजे ओरडून केलेली विक्री. गुजरातीत हराजी, कन्नडात हराजु, मराठवाड्यात हर्राशी. विदर्भात शेवटचा ज घासून स झाला. कोकणातल्या माणसाला हा शब्द बहुधा ठाऊक नसतो, आणि नागपूरकडच्या म्हाताऱ्याला लिलाव हा जरा कागदी वाटतो.

मग पोर्तुगीजांनी तो 'लेलांव' कुठून आणला? तो त्यांच्याकडे अरबीतून आला, 'अल्-इलाम', म्हणजे पुकारा, जाहीर करणं. आयबेरियात अरबांच्या राजवटीत शतकं काढल्यावर भाषेत जे उरलं त्यातला हा एक. म्हणजे एक अरबी शब्द इराणमार्गे खुश्कीनं दख्खनेत आला, दुसरा लिस्बनला जाऊन, आफ्रिकेला वळसा घालून गोव्यात उतरला, आणि दोघांची गाठ पडली ती सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं समुद्र कुणी पाहिलेला असेलच असं नाही. ग्रंथांतून हे शब्द आले नाहीत. ते ओरडणाऱ्यांच्या तोंडातून आले, म्हणून वाटेत इतके झिजले.

त्या मानानं पत्त्यांचे आकडे मात्र अस्सल घरचे राहिले, आणि त्यांचं लिंगही. मराठीत दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी: एक्का सोडला तर सगळ्या बायका. हिंदीत दुक्की-तिक्कीनंतर पंजा, छक्का, सत्ता, नहला, दहला असे पुरुष सुरू होतात. रामाकोन्याच्या सतरंजीवर म्हणून एकाच पत्त्याला एक जण 'आली' म्हणतो आणि दुसरा 'आया'. त्यावर कुणी भांडत नाही. पण मराठी वर्तमानपत्रं हल्ली ऊठसूट 'नहले पे दहला' छापतात, ते तीनशेचारवाल्यांना कधी पटणार नाही. नव्वी वीसची, दश्शी दहाची. नव्वी पडल्यावर वर दश्शी टाकली, तर नव्वी तो हात दश्शीसकट उचलून घेते आणि भिडू कपाळाला हात लावतो.