आंबोलीचा फांटा आणि मराठी कादंबरी



सावंतवाडीहून घाट चढून आंबोली ओलांडली, कीं पुढें रस्त्यास दोन फांटे फुटतात. एक आजऱ्यावरून कोल्हापुरास जातो, दुसरा चंदगडाच्या बाजूनें बेळगांवास. वाटसरूस येथें क्षणभर थांबून कोठें जावयाचें तें ठरवितां येतें. पावसाला मात्र ती मुभा नाहीं. वर्षाकाठीं सुमारें साडेसातशें सेंटिमीटर पाऊस येथें कोसळतो. कड्याच्या पश्चिमेस पडलेलें पाणी अरबी समुद्राची वाट धरतें. थोडें पूर्वेस पडलेलें हिरण्यकेशीला मिळून घटप्रभेंत व पुढें कृष्णेंत जातें. माणसाचें आयुष्य वाटसरूसारखें कीं पाण्यासारखें, हा प्रश्न मराठी कादंबरीनें जन्मापासूनच हाताळला आहे. आणि त्याचीं दोन टोकें ज्यांच्या ग्रंथांत सांपडतात, ते दोघेहि लेखक या घाटाच्या वरच्या व खालच्या अंगाशीं निगडित आहेत, ही मोठी मौज आहे.

त्यांतले पहिले बाबा पदमनजी. त्यांचा जन्म बेळगांवचा, सन १८३१ चा. १८५७ सालीं त्यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहिलें. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि मुक्कामोमुक्कामीं तिला विधवा भेटत जातात. कोणाचें केशवपन झालेलें, कोणास घरांत तोंड दाखविण्याची चोरी. कथेची वीण सैल आहे, धर्मोपदेशहि पुष्कळ आहे. परंतु ज्यांना आयुष्यांत एकदांहि ‘तुला काय हवें?’ असें कोणीं विचारलें नाहीं, अशा बायकांचे हाल या पुस्तकानें छापील अक्षरांत आणले.

पुढें १८९० पासून हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ प्रसिद्ध होऊं लागली. हीहि नायिका यमूच! यमूचा नवरा सुधारकी मनाचा, तिला वाचावयास शिकविणारा. म्हणजे दार किलकिलें झालें होतें. तो गेला आणि तें बंद झालें. यमूवर केशवपनाची सक्ति होते. पदमनजींची यमुना तर्क करते. आपट्यांची यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते, आणि म्हणूनच ती अधिक झोंबते.

त्यानंतर चाळीसएक वर्षांनीं, १९३३ मध्यें, ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि एकच गहजब उडाला. विभावरी शिरूरकर या नांवामागें मालतीबाई बेडेकर आहेत हें वाचकांना तेव्हां ठाऊक नव्हतें. येथल्या मुली शिकलेल्या, मिळवत्या. वाटा खुल्या झाल्याशा दिसतात; पण मुलीच्या पगारावर बापाचा संसार चालूं लागला, कीं तिचें लग्न कोणालाच निकडीचें वाटत नाहीं. पूर्वीं दार बंद होतें, आतां उघड्या दारांत घरचींच माणसें उभीं राहिलीं.

आतां दुसऱ्या टोकाकडे येऊं. विष्णु सखाराम खांडेकर हे मूळचे सांगलीचे गणेश आत्माराम. सावंतवाडीजवळच्या नाणेलीस चुलत्याच्या घरीं ते दत्तक गेले आणि गांव बदललें तसें नांवहि बदललें. तरुण वयांत हें त्यांच्या निवडीनें झालें असें म्हणवत नाहीं. पण १९२० सालीं समुद्रकांठच्या शिरोड्यास येऊन मास्तरकी पत्करली, ती मात्र त्यांनीं आपणहून. अठरा वर्षें ते तेथें राहिले. ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’ या कादंबऱ्या १९३४ च्या, म्हणजे शिरोड्याच्या काळांतल्याच. १९३८ मध्यें ते कोल्हापुरास गेले आणि १९५९ सालीं ‘ययाति’ आली. तिला १९६० सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला व १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला.

ययातीला काय कमी होतें? राज्य होतें, शुक्राचार्यांची कन्या राणी होती, वैभव हात जोडून उभें होतें. प्रत्येक वाट खुली, म्हणून कोणत्याहि वाटेवर त्याचा पाय ठरत नाहीं. त्याच महालांत शर्मिष्ठा आहे. राजकन्या असून ती देवयानीची दासी होते, कारण ती न झाली तर पित्याच्या राज्यावर शुक्राचार्यांचा कोप ओढवतो. अशा कोंडींत ती ‘मी जाते’ म्हणते. निवड या शब्दाचा खरा अर्थ मला सगळ्या वाटा मोकळ्या असलेल्या राजापेक्षां या दासीपाशीं अधिक सांपडतो. कचाच्या तोंडीं घातलेला उपदेश जड होतो ही टीकाकारांची तक्रार मला मान्य आहे. शर्मिष्ठेविषयीं मात्र ती करतां येणार नाहीं.

एक गोष्ट मला पुनःपुन्हां खटकते. महाभारतांत ययाति आपल्या पांच मुलांकडे तारुण्य मागतो. यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु नाहीं म्हणतात व शाप घेतात. धाकटा पूरु हो म्हणतो. खांडेकरांनीं ययाति, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांना आपापली बाजू बोलूं दिली आहे. ज्यानें भर तारुण्यांत बापाचें म्हातारपण अंगावर घेतलें, त्या पूरूला मात्र त्यांनीं निवेदक केलें नाहीं. ‘हो’ म्हणतांना त्याच्या मनांत काय चाललें होतें, तें त्याच्याच तोंडून ऐकावयास मिळतें तर!