रजोनिवृत्ती : संज्ञा आणि उपचार

स्त्रीचे आर्तव कोणत्या वयात थांबते याची नोंद प्राचीन आहे. परंतु ते थांबणे हीच एक व्याधी होय, ही कल्पना अर्वाचीन आहे. सुश्रुतसंहितेत आर्तवाचा काल बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला असून त्याचा क्षय हा वार्धक्याचा परिणाम मानला आहे. युरोपीय वैद्यकातील 'क्लायमॅक्टेरिक' ही जुनी संज्ञाही मूळ ग्रीक अर्थाने शिडीची पायरी दर्शविते व ती स्त्रीपुरुष दोघांच्याही संक्रमणवर्षांना लावली जाई. 1821 मध्ये फ्रेंच वैद्य गार्दान याने आपल्या ग्रंथात 'मेनोपॉज' हा शब्द रूढ केला. महिना आणि विराम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. पायरीच्या जागी विराम आला, हा बदल केवळ शाब्दिक नव्हता.

विसाव्या शतकात बीजांडकोशातील स्रावाचा शोध लागला आणि 1942 मध्ये गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन अमेरिकेत औषध म्हणून विक्रीस आले. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी वैद्याने आपल्या लोकप्रिय पुस्तकात रजोनिवृत्तीला सरळ न्यूनताजन्य रोग ठरविले. रोग म्हटल्यावर औषध आजन्म घेणे ओघानेच आले. 1975 मध्ये या औषधाचा गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला. 2002 मध्ये 16,608 स्त्रियांवरील अमेरिकी चाचणी स्तनकर्करोग व हृदयविकार यांच्या वाढीमुळे मध्येच थांबवावी लागली. तथापि त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, ही गोष्ट त्या वेळच्या घबराटीत मागे पडली. साठीच्या आतील, अथवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांस तीव्र त्रास असल्यास हा उपचार बहुधा हितकर ठरतो, असे पुढील परीक्षणांतून निष्पन्न झाले.

मराठीत याच्या उलट दोष आढळतो. ऋतुप्राप्तीस 'न्हाण येणे' ही स्वतंत्र संज्ञा आहे व तिच्याभोवती मखराचा सोहळा होता. अखेरीस मात्र 'पाळी जाणे' एवढाच प्रयोग. अंगातून उठणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, हाडांची झीज यांचे त्यात नावही नाही. 'रजोनिवृत्ती' हा संस्कृतोद्भव शब्द ग्रंथांतच राहिला. परिणामी पाश्चात्त्य स्त्रीला एकेकाळी गरजेवाचून औषध मिळाले, तर मराठी स्त्रीला गरज असूनही पुष्कळदा केवळ 'वयाचे आहे' एवढे उत्तर मिळाले.

सलग बारा महिने पाळी न येणे ही आजची व्याख्या रोगाची नसून अवस्थेची आहे. अवस्था स्वाभाविक असली तरी तिच्यातील पीडा उपचारार्ह असू शकते. या दोन विधानांत विरोध नाही. इतिहासातील दोन्ही प्रमाद मात्र तो गृहीत धरल्यामुळेच घडले.