वाट बदललेले रक्त

बदलापुरास पूर्वी वाटसरू घोडी बदलीत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. घोडी बदलावी तशी रक्तालाही वाट बदलता येते, हे लंडनच्या एका गाडीवानाच्या पायाने दाखविले. १७८५ साली त्याच्या गुडघ्यामागची धमनी फुग्यासारखी फुगली होती. असा पाय कापावा, असेच तेव्हाचे पुष्कळ शल्यवैद्य म्हणत. जॉन हंटर यांनी पाय राखला आणि मांडीतली धमनी बांधली. मग पावलाला रक्त कोठून मिळणार? गुडघ्याभोवतीच्या बारीक शाखा रुंदावल्या आणि रक्त आडवाटेने खाली उतरले. सुमारे सहा आठवड्यांनी गाडीवान दोन्ही पायांनिशी घरी गेला. वाचकहो, पावलावर वरच्या बाजूस हलकेच बोट ठेवून पाहा. तेथे लागणारा ठोका मांडीतून, गुडघ्यामागून एवढी वाट चालून आलेला असतो.