युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा मराठी ग्रंथ. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला जाऊन तो डिसेंबर १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. यादवी युद्धानंतर वेगाने पालटत गेलेल्या अमेरिकेची राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ, उद्योगधंदे आणि सर्वांहून अधिक तेथील स्त्रियांची स्थिती हा त्याचा विषय. नावात प्रवासवृत्त असले तरी प्रवासाला त्यात थोडीच जागा मिळाली आहे. राजा नसलेला देश चालतो कसा आणि तेथील माणसे स्वतःची स्थिती बदलतात कशी, हे पारतंत्र्यातल्या वाचकाला समजावून सांगणे हा लेखिकेचा खरा हेतू दिसतो.

रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांचे निमंत्रण त्यांना इंग्लंडमध्ये मिळाले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात हा समारंभ झाला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली, बालोद्यान शिक्षणपद्धती शिकून घेतली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दशेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले (१८८७). १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपानमार्गे त्या १८८९ च्या आरंभी मुंबईला पोहोचल्या.

त्यांनी पाहिलेली अमेरिका स्थिरावलेली नव्हती. गुलामगिरी १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने संपली होती. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश किंवा रंगावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली; पण १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांना संघराज्याच्या फौजेचा धाक उरला नाही, आणि कृष्णवर्णीयांचा हा हक्क तेथे हळूहळू कागदावरच राहिला. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने दार बंद झाले. मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडणारा डॉज कायदा १८८७ चा, म्हणजे रमाबाई तेथे असतानाचा. आठ तासांच्या कामासाठी कामगारांनी केलेले संप आणि शिकागोच्या हेमार्केट चौकातला बाँबस्फोट मे १८८६ मधले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

पंधराव्या दुरुस्तीत लिंगभेदाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे स्त्रिया मताधिकाराबाहेरच राहिल्या. वायोमिंग प्रदेशाने मात्र १८६९ मध्येच त्यांना मत दिले होते. स्त्रियांची ही चळवळ गुलामगिरीविरोधी चळवळीच्या पोटातून निघाली. लंडनच्या १८४० च्या गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री-प्रतिनिधींना प्रतिनिधी म्हणून बसू दिले नाही. त्या अपमानाची आठवण १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेपर्यंत पोहोचली. दुसऱ्याच्या बेड्या तोडायला निघालेल्या बायकांना आपल्या हातातल्या बेड्या दिसू लागल्या, हा क्रम रमाबाईंच्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

स्त्रियांविषयीचे प्रकरण हा ग्रंथाचा गाभा. त्यात सर्वांत जिवंत भाग आहे तो संघटनांचा. १८७४ मध्ये स्थापन झालेला स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघ आणि १८७९ पासून त्याच्या अध्यक्ष असलेल्या फ्रान्सिस विलार्ड यांचा रमाबाईंवर खोल ठसा उमटला. दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बाई एकटी असते तोवर तिचे दुःख घरातच मुरते; गावातल्या बायका मंडळ काढतात, वर्गणी गोळा करतात, पत्रक छापतात, राज्याच्या कायदेमंडळापुढे अर्ज नेतात, तेव्हा तोच प्रश्न सार्वजनिक होतो. ही कामाची रीत मराठी वाचकापुढे मांडणे, हे प्रस्तुत नोंदकाराच्या मते या ग्रंथाचे सर्वांत मोठे काम आहे. सभा, संस्था, मतदान यांच्याविषयी इतक्या ठामपणे लिहिणारी लेखणी त्या काळी एका विधवेच्या हाती होती, हे विसरता येत नाही.

अमेरिकेचे कौतुक मोकळेपणाने करतानाही रमाबाई डोळे मिटत नाहीत. मूळ रहिवाशांवरचा अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा तिरस्कार यांवर त्या स्पष्ट बोलतात. टोपीवर मेलेले पक्षी मिरवण्याची तेथील बायकांची फॅशन त्यांना क्रूर वाटली. मात्र त्यांचा वावर मुख्यतः सुशिक्षित प्रोटेस्टंट सुधारकांच्या घरांत होता. त्यामुळे गिरणीतली मजूर बाई किंवा नुकताच आलेला गरीब युरोपीय यांच्या नजरेतून दिसणारा देश येथे शोधू नये.

अमेरिकेकडे मराठी समाजसुधारकांचे लक्ष यापूर्वीच गेले होते. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरून पुण्यात गदारोळ उठला, तेव्हा ‘सत्सार’ (१८८५) मधून त्यांची बाजू घेणारेही फुलेच.

ग्रंथ छापून येण्यापूर्वीच त्यातली रीत कामाला लागली होती. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. रमाबाई भारतात काढणार असलेल्या शाळेसाठी दहा वर्षे वर्गणी देण्याचे त्याने पत्करले. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ ही शाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यास हलली. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. त्याच वर्षी, मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून, सदनाच्या सल्लागार मंडळातले हिंदू सुधारक बाजूला झाले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाची छाया ग्रंथावरही पडली असावी. रमाबाईंचे नाव धर्मांतर आणि केडगावला त्यांनी काढलेली मुक्तिसदन ही संस्था यांच्याशीच जोडले गेले आणि राज्यव्यवस्थेवर लिहिणारी लेखिका मागे पडली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९६ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला. मीरा कोसंबी यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झाले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा अभ्यास करणाऱ्यांना हा मराठी पुरावा हाती आला.