अंकुरित धान्यचारा

अंकुरित धान्यचारा : धान्य पाण्यात भिजवून, निथळून व पसरट थाळ्यांत मातीशिवाय रुजवून तयार केलेले कोवळे हिरवे खाद्य. मका, गहू, बार्ली व ओट ही धान्ये यासाठी मुख्यत्वे वापरतात. गुरांसाठी हा चारा सात-आठ दिवस वाढवितात. कोंबड्यांसाठी तीन ते पाच दिवसांचे आखूड मोड पुरेसे होतात. ज्यांना हिरव्या खाद्यासाठी जमीन नाही किंवा वर्षाचा काही काळ ते मिळत नाही, अशा पशुपालकांनी या पद्धतीचा वेळोवेळी आश्रय घेतला आहे.

इतिहास : विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिका व ब्रिटनमधील कुक्कुटपालक हिवाळ्यात कोंबड्यांना मोड आणलेले ओट देत असत. थंडीत बाहेर हिरवळ मिळत नसल्याने हे धान्य घरात उबदार जागी रुजवीत. जीवनसत्त्वांचे स्वरूप पुरते उलगडण्यापूर्वीच हिरव्या खाद्याचे महत्त्व अनुभवाने कळलेले होते. १९३० नंतर यूरोपात कपाटवजा उपकरणांतून गुरांसाठी असा चारा काढण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांबाबत मोठे दावे करण्यात आले. स्कॉटलंडमधील पोषणतज्ज्ञ इझाबेला लीच यांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कृत्रिम जीवनसत्त्वे स्वस्त झाली व मोठ्या कुक्कुटशालांना मोडांची गरज उरली नाही.

महाराष्ट्रात धान्य रुजविण्याची कला जुनी आहे. मात्र तिचा हेतू वेगळा होता. नवरात्रात घटाभोवती घरातच धान्य रुजवितात. कोकणात भाताचे बी भिजवून, मोड आणून चिखलात फोकून पेरण्याच्या पद्धतीस ‘रहू’ म्हणतात. ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या खाडीकाठच्या खार जमिनीत ती उपयुक्त ठरली. परसातील कोंबड्यांसाठी मात्र मुद्दाम मोड काढण्याचे कारण नव्हते. गावठी कोंबडी दिवसभर खळ्यावर, उकिरड्यावर व बांधावर चरे आणि रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली येई. सांडलेले भात, कोंडा, किडे व कोवळे गवत मिळून तिचा आहार बहुतांशी फुकट होत असे. सणावाराला, पाहुण्यासाठी व अडीअडचणीला अंडी आणि कोंबडी घरात असे. तिचा हिशेब बहुधा घरातील स्त्रीकडे असे.

नवी मुंबई परिसर : ही व्यवस्था जमिनीवर अवलंबून होती. १७ मार्च १९७० रोजी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी व कोळी कुटुंबांचे जीवन त्यामुळे पालटले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. भूखंड मिळाला, तरी खळे व बांध परत येणे शक्य नव्हते. गावठाणे इमारतींनी वेढली गेली आणि कोंबडीला चरावयास जागा राहिली नाही. पूर्वी जे फुकट मिळे, ते विकत घ्यावे लागू लागले.

कोंबड्या बंदिस्त ठेवण्याचे दुसरे कारण रोगराई हे होय. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा मोठा उद्रेक झाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईलगतच्या उरण तालुक्यात चिरनेर येथेही तो आढळला. खुराड्यात कोंडलेल्या पक्ष्याला हिरवा पाला आणून द्यावा लागतो. जमीन नसलेल्या घरी थाळीतील मोड हा त्याला एक पर्याय ठरतो.

गुणदोष : ‘एक किलो धान्याचा पाच-सहा किलो चारा’ असे या पद्धतीचे वर्णन केले जाते. जुन्या गोव्यातील भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलाने मक्यावर केलेल्या अभ्यासातही सुमारे एवढेच ओले वजन मिळाले. परंतु ही वाढ बहुतांशी पाण्याची असते. १ किग्रॅ. मक्यात सुमारे ९०० ग्रॅ. शुष्क पदार्थ असतो. त्यापासून मिळालेल्या ५ किग्रॅ. चाऱ्यात ८५% पाणी धरल्यास शुष्क पदार्थ ७५० ग्रॅ. उरतो, रुजताना श्वसनात काही भाग खर्ची पडतो. अंड्यावरील कोंबडीस रोज सुमारे ११० ग्रॅ. कोरडे खाद्य लागते. ती गरज केवळ अशा चाऱ्यातून भागवावयाची, तर तिला अर्ध्या किलोहून अधिक चारा खावा लागेल व ते तिला शक्य नाही. म्हणून मोड हे धान्याची बचत करणारे खाद्य नव्हे, तर पूरक खाद्य होय. त्यांतील कॅरोटीन व तत्सम रंगद्रव्यांमुळे अंड्याचा बलक अधिक पिवळा होतो; काही जीवनसत्त्वे वाढतात आणि कोंडलेल्या पक्ष्यांना चोचीने टिपण्याचा उद्योग मिळतो. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा द्यावा लागतो.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा असतो. कोकणपट्टीतील पावसाळी दमट हवेत ती लवकर धरते. काही बुरशींपासून उत्पन्न होणारी अफ्लाटॉक्सिने कोंबड्यांच्या यकृतास घातक असतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी अशा विषाने दूषित झालेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेले. यास्तव थाळ्या धुऊन वाळवाव्यात, पाणी साचू देऊ नये, औषध लावलेले बियाणे वापरू नये व बुरशीचा वास येणारा चारा टाकून द्यावा.

खळ्यावर चरणाऱ्या कोंबडीला परिसराकडून जे मिळत असे, त्याचा अल्पसा भागच थाळीतील मोड भरून काढू शकतात. एवढी मर्यादा ध्यानी घेतल्यास गावठाणातील लहान कुक्कुटपालकास ही पद्धत उपयुक्त ठरते.