वाट बघायची कोणी?

लिनक्समध्ये उपकरण सापडलं की त्याचा ड्रायव्हर जागा होतो, आणि जागा होताहोताच मागण्या सुरू करतो. कोणाला फर्मवेअरची फाइल हवी, कोणाला दुसरं मॉड्यूल. ज्याच्याकडे मागायचं, तोच जर या ड्रायव्हरचं आवरण्याची वाट बघत बसला असेल तर दोघेही कायमचे खोळंबतात. हाच डेडलॉक.

कर्नेलवाल्यांचा यावरचा तोडगा जुना आहे. थांबावं लागेल असं काम वेगळ्या कर्नेल थ्रेडवर टाकायचं आणि आपण मोकळं व्हायचं. कर्नेल 2.4 च्या काळात केइव्हेंटडी नावाचा थ्रेड सगळ्यांची किरकोळ कामं उरकायचा आणि केहबडी फक्त यूएसबीची. 2002 मध्ये इंगो मोल्नार यांनी वर्कक्यू, म्हणजे कामांच्या रांगा, आणल्या. पण एका रांगेला प्रोसेसरमागे कामगार एकच. पुढचं काम मागच्यावर अडलं की रांग थिजली! तेजुन हिओ यांनी 2010 मध्ये, 2.6.36 मध्ये, गरजेप्रमाणे कामगार वाढवणारी रचना केली. मेमरी संपल्यामुळे नवा थ्रेड काढता आला नाही, तर त्यासाठी एक राखीव ‘रेस्क्यूअर’ही ठेवला. या साऱ्या खटाटोपात मला तोच सर्वांत दूरदर्शी वाटतो.

खरी गंमत मात्र असिंकची, म्हणजे कामं वेगळ्या थ्रेडवर समांतर चालवण्याच्या सोयीची. आर्यन व्हॅन द वेन यांना बूट वेगवान करायचा होता. 2009 मध्ये 2.6.29 पासून डिस्क शोधण्यासारखी रेंगाळणारी कामं असिंक थ्रेडवर जाऊ लागली. पण मॉड्यूल चढवणारा मॉडप्रोब परतला म्हणजे डिस्क हजर, असं बूटच्या स्क्रिप्टा गृहीत धरून होत्या. म्हणून मॉड्यूल चढवून झालं की चालू असलेली सगळी असिंक कामं संपेपर्यंत थांबायचं, असा नियम आला. ‘सगळी’ हा शब्द पुढे नडला.

असिंक थ्रेडला डिस्क सापडते. तिच्यासाठी वाचन-लेखनाचा क्रम लावणारा आयओ शेड्यूलर लागतो आणि तो मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवलेला असतो. थ्रेड मॉडप्रोबला हाक मारून थांबतो. मॉडप्रोब शेड्यूलर चढवतो आणि नियमाप्रमाणे सगळ्या असिंक कामांसाठी थांबतो, म्हणजे ज्याने हाक मारली त्याच्यासाठीही. डेडलॉक टाळायच्या जुन्या युक्तीतूनच डेडलॉक! या युक्तीत वाट बघणं संपत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, हे इथे उघडं पडलं.

2013 च्या जानेवारीत हिओ यांनी मलमपट्टी केली. ज्या टास्कने असिंक वापरलं तिच्यावर एक फ्लॅग लावायचा, आणि मॉड्यूल चढवणाऱ्या टास्कवर तो असेल तरच थांबायचं. शेड्यूलर काही असिंक वापरत नाही. मॉडप्रोब लगेच परतला, गाठ सुटली. शिवाय शेड्यूलरचं मॉड्यूल बूटमध्ये आधीच मागवून ठेवायची सोय झाली, आणि असिंक थ्रेडमधून कोणी मॉड्यूल मागवून थांबलाच तर कर्नेल लॉगमध्ये इशारा छापू लागलं.

फ्लॅग नऊ वर्षं टिकला. पण पीसीआय उपकरणाचा प्रोब, म्हणजे ड्रायव्हरने ते सुरू करणं, त्याच्या जवळच्या प्रोसेसरवर चालावा म्हणून कर्नेल तो कधीकधी वेगळ्याच कामगार थ्रेडकडे सोपवतं. मग फ्लॅग त्या कामगारावर लागायचा, मॉडप्रोब कोराच राहायचा आणि डिस्क तयार व्हायच्या आत परतायचा. 2022 मध्ये फ्लॅगचा बदल मागे घेतला गेला आणि ‘सगळ्यांसाठी थांबा’ हा जुना नियम पुन्हा लागू झाला.